गोळ्यांचा वाटा

माझ्या बापाला एकट्याने काही खाता येत नाही. केळं सोललं तरी आधी इकडेतिकडे बघणार, कुणी दिसलं तर अर्धं मोडून देणार, आणि कुणीच दिसलं नाही तर हाक मारून माणूस बोलावणार. आई म्हणते, "देवान या मानसाला तोंड दिलाय ता बोलायला, खायला नाय."

यात त्याच्या स्वभावाचा भाग किती आणि धंद्याचा किती, हे मला अजून सांगता येत नाही. बाबा दांडी गावचा तांडेल. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि आलेल्या मासळीची वाटणी कशी करायची, हे तोच ठरवतो. बोट किनाऱ्याला लागली की विक्रीच्या टोपल्या भरायच्या आधी आमच्याकडे ओंजळ-ओंजळ मासळी वाटायची पद्धत आहे. ज्याने दोर ओढला त्याला वाटा, जो नुसता उभा होता त्याला वाटा, आणि जो सगळं झाल्यावर येऊन "दोर असा नाय ओढायचा" असं शिकवून गेला त्यालाही वाटा. पुढे आलेला हात रिकामा परत जायचा नाही. बाबा हा नियम इतका कडक पाळतो, की तांडेलाच्या घरी कालवणाला मासळी कमी पडते आणि आई तोंडाचा पट्टा सोडून बटाटे चिरायला घेते.

मी बोईसरला राहते. नवरा कंपनीत, मी एका कारखान्याच्या ऑफिसात. दांडी जवळच, त्यामुळे रविवारी जाऊन भांडून येणं सोपं पडतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि आमच्या पडवीत जाळी शिवायचं काम सुरू. पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला चारी बाजूंनी निळी ताडपत्री बांधलेली. त्या ताडपत्रीच्या आत आळीतले आठ-दहा बाप्ये मांडीला मांडी लावून बसणार, एकाच तांब्यातलं पाणी पिणार, एकाच विडीचे झुरके मारणार आणि एकमेकांच्या तोंडावर खोकणार. त्या वर्षी सगळेच खोकत होते. कोविडच्या वेळी हीच माणसं मास्क लावून किनाऱ्यावर फिरत होती म्हणून मी सहज विचारलं, मास्क कुठे गेले? आईने वर आढ्याकडे बोट दाखवलं. मास्कच्या नाड्या कापून तिने सुक्या बोंबलांच्या जुड्या बांधल्या होत्या.

"कोविड गेला ना," बाबा म्हणाला. "आता कोनाला भ्यायचा?"

पुढच्या रविवारी गेले तर हा न भिणारा माणूस दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडत होता. दात असे वाजत होते, की बाहेरून मला वाटलं कुणीतरी सुपारी कातरतंय. अंगाला हात लावला तर चटका बसला. श्वास घेतला की उजव्या कुशीला हात दाबायचा आणि तोंड वाकडं करायचा. थुंकी लोखंडाच्या गंजासारखी लाल-पिवळी. चिंबोऱ्यांचा तिखट रस्सा, ओव्याचा शेक, सुंठ, असे सगळे घरचे डॉक्टर येऊन गेले होते.

"चल बोईसरला," मी म्हटलं.

"पाऊस लागलाय. उतरल."

"पाऊस उतरेल, ताप नाही उतरणार. ऊठ."

"तू भांडायला आलीस का बगायला?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि रिक्षा बोलावली.

बोईसरच्या हॉस्पिटलातला डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, घाटावरून आलेला, आणि चेहऱ्यावरून आठवडाभर न झोपलेला वाटत होता. त्याने छातीचा एक्स-रे काढला आणि दिव्यावर लावून दाखवला. फुप्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा पट्टा होता. बाबाने निरखून बघितलं आणि म्हणाला, "ढग आलेत."

"बरोबर. न्यूमोनिया आहे, काका."

"तो तं बारक्या पोरांना होतो."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. कोविडच्या गोंधळात बाकीचे आजार संपले, असा माझाही समज झालेला. डॉक्टर म्हणाला, संपले कुठले, यंदा वॉर्ड भरलाय. आधी साधा फ्लू येतो आणि दार उघडं टाकून जातो. मग हे जंतू आत शिरतात. पोरं आणि म्हातारी माणसं आधी सापडतात. त्याने गोळ्या लिहून दिल्या आणि निघताना बाबाला बजावलं, "बरं वाटलं तरी मध्येच थांबवायच्या नाहीत. सगळ्या संपवायच्या."

"संपवतो," बाबा म्हणाला.

हा शब्द त्याने पाळला. कसा पाळला ते पुढे कळलं.

गोळ्यांनी जादू केली. दोन दिवसांत ताप गेला. मी रोज फोन करायची आणि आई सांगायची, जेवला, बसला, वरडला, म्हणजे बरा हाय. मग एकदा सांगितलं, किनाऱ्यावर जाऊन बोट बघून आला. मी डॉक्टरांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि माझ्या कामाला लागले.

तो आठवडा सरल्यावर आईचा फोन आला. आई फोनवर कधीच हळू बोलत नाही. तिला वाटतं बोईसर लांब आहे, तेव्हा आवाज तेवढा मोठा पाहिजे. त्या सकाळी ती हळू बोलली. "तो बोलत नाय."

"रुसलाय?"

"नाय गो. बोलायला जातो नी दम लागतो."

माझा बाप ताप असताना बोलतो, झोपेत बोलतो, माझ्या लग्नात भटजी मंत्र म्हणत होता तेव्हाही बोलत होता. तो गप्प बसला म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे समजायला मला डॉक्टर नको होता.

गाडी करून त्याला आणला. ओठ निळसर, नाकपुड्या फुलत होत्या, आणि दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. तोच डॉक्टर. नव्या एक्स-रेत ढग निम्म्या छातीवर पसरले होते. ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं, आणि डॉक्टरने आईला विचारलं, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या?"

"संपल्या सगळ्या," आई म्हणाली. "पाकीट रिकामा हाय."

बाबाने मास्कसकट मान डोलावली आणि हाताचा अंगठा वर केला.

डॉक्टर विचारात पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, पूर्ण कोर्स होऊनही उलटलं म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नसतील. आता मोठी इंजेक्शनं सुरू करतो, थुंकी तपासायला पाठवतो. पण वय आहे, फुप्फुस दमलंय. आज संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन सुधारला नाही तर व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. तयारी ठेवा.

तयारी ठेवा म्हणजे नक्की काय ठेवायचं, हे कुणी सांगत नाही. मी एक पिशवी भरली. तिच्यात टॉवेल घातला, बाबाचा चष्मा घातला, बिस्किटाचा पुडा घातला, आणि मग बाकावर बसून ती पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. मला माझा बाप हवा होता. बाकी काही नको होतं.

दुपारी नर्स ओरडली म्हणून धावत आत गेले. ऑक्सिजनचा आकडा घसरला होता आणि मशीन टीं-टीं करत होतं. बघते तर बाबाने मास्क नाकावरून काढून हातात धरला होता आणि तो हात लांब करून शेजारच्या खाटेकडे नेत होता. शेजारी कारखान्यात काम करणारा एक परप्रांतीय माणूस होता, त्यालाही न्यूमोनियाच, आणि तो बिचारा खोकून खोकून वाकडा झाला होता.

"काय करतोस?" मी किंचाळले.

"त्याला... दम... लागलाय," बाबा म्हणाला. "जरा... त्याला दे."

"चाचा, आप रखो, आप रखो!" तो माणूस दोन्ही हात जोडून खोकत खोकत सांगत होता. नर्सने मास्क परत बसवला आणि बाबाला असा दम भरला, की माझ्या आईलाही तिचं कौतुक वाटलं. मी त्याच्या अंगावर ओरडत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. स्वतःचा श्वास अडकलेला असताना हा माणूस त्यातही वाटणी करायला निघाला होता. रागावू की पाया पडू, मला कळेना.

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात गलका झाला. आळी आली होती. एक टेम्पो भरून माणसं, सोबत भाताचा डबा, शहाळी, आणि पाच-सहा खोकले. वॉचमनने एकेकाने जा म्हणून सांगितलं, ते सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे एकदम आत आले. पुढे आमच्या शेजारची वयनी. ही बाबाची नात्याने भावजय लागते. नवरा समुद्रातच गेला, तेव्हापासून बाबाच्या हातचा पहिला वाटा तिचा. काटकुळी, जिभेने तिखट, आणि बाबाला सगळ्या गावादेखत अरेतुरे करणारी एकटीच. ती डॉक्टरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "डाक्टर, याला वाचवा. देवमानूस हाय. माजा खोकला याच्याच गोळीन थांबला."

डॉक्टर सलाइनकडे बघत होता. तो सावकाश वळला. "कुठल्या गोळीने?"

"तुमीच दिलेली ना, ती पांढरी. मला दीड आली."

"दीड?"

"मी एकटी ना, पन लय खोकत होते. म्हनून एक माजी नी अर्धी जास्त. अडकित्त्यान कातरून दिली."

"माला एक," मागून एकजण म्हणाला.

"माला पन एक. गुन आला हां डाक्टर, लय गुन आला."

"मी उशिरा आलो," तिसरा म्हणाला, "तं माला अर्धीच मिळाली." त्याच्या आवाजात अजून नाराजी होती.

मी आयुष्यात कुठल्याच शिकलेल्या माणसाचा चेहरा असा झालेला बघितला नाही. डॉक्टर आधी पांढरा झाला, मग लाल झाला, मग स्टूल ओढून खाली बसला. बाबाने डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी तो झोपलेला दिसत होता, पण तो जागा होता. झोपेत माझा बाप घोरतो.

"दोन दिवसांत बरं वाटलं," डॉक्टर हळूहळू म्हणाला, "आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या काकांनी गावात वाटल्या."

"सगळ्यांना नाय," वयनीने दुरुस्ती केली. "जे पडवीत होते त्यांनाच."

"आणि ज्याला खोकला नव्हता त्याने कशाला घेतली?" मी एकाला विचारलं, कारण हा गृहस्थ कधी खोकताना मी बघितलाच नव्हता.

"माजा गुडगा दुकत होता."

मी बाबाकडे वळले. "गुडघ्याला न्यूमोनिया झाला होता का रे याच्या?"

बाबाने एक डोळा उघडला. मास्कच्या आतून आवाज आला, "हात पुडं केलेला. नाय... कसा म्हनू?"

मग मात्र डॉक्टर उठला. त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना भाषण दिलं. अर्धा कोर्स म्हणजे अर्धी लढाई, म्हणाला. अर्धमेले जंतू लपून बसतात आणि पुन्हा उठतात, आणि दरवेळी जरा जास्त निबर होऊन उठतात. यांची गोळी यांच्या वजनाची, यांच्या छातीची. ती तुम्ही घेतलीत तर यांचा आजार परत येणार आणि तुमचा नुसता दबणार. आळीने भाषण मान खाली घालून ऐकलं. भाषण ऐकताना चौघं खोकले, तेही डॉक्टरच्या तोंडावर. तेव्हा त्याने गळ्यातली नळी कानाला लावली आणि व्हरांड्यातच एकेकाची छाती तपासायला सुरुवात केली. बाकीच्यांना साधा खोकला निघाला. वयनीच्या पाठीला नळी लावून तो बराच वेळ थांबला. "मावशी, लांब श्वास घ्या. परत घ्या." मग तिला एक्स-रेला पाठवलं. तिच्याही छातीत ढग होते. बाबाची दीड गोळी वरून पोचारा मारून गेली होती, आत भिंत ओलीच होती.

तिला त्याच वॉर्डात पलीकडे खाट मिळाली. जाताना ती बाबाच्या खाटेपाशी थांबली आणि म्हणाली, "मेल्या, मारला होतास मला." बाबाने हात जोडले.

डॉक्टरला मात्र एका गोष्टीने धीर आला होता. औषध हरलं नव्हतं. ते पुरतं पोटात गेलंच नव्हतं. संध्याकाळी आकडा थोडा वर चढला. मोठ्या हॉस्पिटलात न्यायची पिशवी मी जमिनीवर ठेवली.

पुढचे दिवस बाबा सुधारत गेला तसा वॉर्डाला त्रास व्हायला लागला. त्याच्या हातात एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं: तीन नळ्या, प्रत्येक नळीत एक चेंडू, आणि नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढायचे. फुप्फुस मोकळं करायचा व्यायाम. भरतीत बोट बाहेर काढणारा तांडेल, आणि त्याला पहिला चेंडू हलवता येईना. तो त्या चेंडूकडे शत्रूसारखा बघत बसायचा. पहिला चढला त्या दिवशी त्याने सगळ्या वॉर्डाला बोलावून दाखवलं. दुसरा चढला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या कामगाराशी शर्यत लागली. वयनी पलीकडून ओरडायची, "हिकडं दोन झाले हां!" नर्सने येऊन सांगितलं, की हा दवाखाना आहे, जत्रा नाही.

आणि हो, पहिल्या दिवशी बाबाने ते खेळणंही शेजाऱ्याला वापरायला दिलं होतं. मी वेळेवर हिसकावून घेतलं.

घरी सोडताना डॉक्टरने पुन्हा गोळ्या दिल्या. या वेळी त्या बाबाच्या हातात दिल्या नाहीत, आईच्याही नाही, माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "ताई, तुमच्यासमोर गिळायच्या." मी ऑफिसात रजा टाकली आणि दांडीला मुक्काम ठोकला. सकाळ-संध्याकाळ मी गोळी द्यायची, त्याने गिळायची, मग मी म्हणायचं, "आ कर. जीभ वर." तो आ करायचा. आळीतली माणसं हे बघायला यायची. ताडपत्री मी स्वतः कोयत्याने कापून पडवी मोकळी केली होती, आणि जो खोकेल त्याला उठवून बोईसरची वाट दाखवत होते. मला आळीत नवीन नाव पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मधेच मासेमारी सुरू झाली. त्याची बोट त्याच्यावाचून गेली. तो ओट्यावर बसून इंजिनांचे आवाज ऐकत होता आणि कुठला आवाज आपल्या बोटीचा ते मला सांगत होता. मग आवाज लांब गेले. तो गप्प बसला तेव्हा मी घाबरून त्याच्या छातीकडे बघितलं. छाती नीट वरखाली होत होती. या वेळी तो नुसताच गप्प होता.

बोट परत आली तेव्हा खलाशांनी पहिली ओंजळ आमच्या घरी पाठवली. आजवर सगळ्यांना वाटे देणाऱ्या माणसाच्या दारात कुणीतरी वाटा घेऊन आलं होतं. तो घ्यायचा कसा, हेच बाबाला कळेना. शेवटी आईनेच ताट पुढे केलं.

मग शेवटची गोळी उरली. संध्याकाळची वेळ, ओट्यावर पाच-सात माणसं, आणि पायरीवर वयनी. तिचा कोर्स तिने मुकाट्याने पुरा केला होता, पण अंगात अजून जोर नव्हता. मी बाबाच्या तळहातावर गोळी ठेवली. त्याने सवयीने मान वर केली आणि एकेकाकडे बघितलं. पायरीवर वयनी खोकली. साधा, कोरडा खोकला, उरलासुरला. बाबाचा हात थांबला.

मी ओरडणार होते. वयनीने मला हाताने गप्प केलं.

"माज्याकडं काय बगतंस?" ती त्याला म्हणाली. "गिळ. तू ऱ्हायलास तं आमाला वाटा. तू गेलास तं आमी कोनाच्या दारात हात पुडं करायचा?"

बाबाने गोळी तोंडात टाकली, वरून पाणी प्यायला, माझ्याकडे वळला, आणि मी काही म्हणायच्या आत त्याने आपणहून आ केला आणि जीभ वर उचलली. तोंडात काही नव्हतं. मी तिथेच खांबाला धरून खाली बसले आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडले.

"हिला काय झाला आता?" आई म्हणाली. "हिला पन दाकवा डाक्टरला."